दुसऱ्या बाजूसकट: जुन्या तबकड्या आणि कॅसेटमधील गाणी घरच्या घरी जतन करण्याची पद्धत

मराठवाड्यातील अनेक जुन्या घरांत, माळवदाखालच्या खोलीत ठेवलेल्या लोखंडी ट्रंकेत किंवा पत्र्याच्या खोलीतील फळीवर, तबकड्यांची एखादी चवड आणि कॅसेटचा एखादा डबा अजूनही सापडतो. घर पाडून नवे बांधायला काढले की हा ठेवा प्रथम भंगारात जातो, कारण ‘ही गाणी आता मोबाइलवर मिळतातच’ असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अर्धेच खरे आहे. तबकडीची जी बाजू गाजली, ती बहुधा मिळते. उलटून लावायची जी दुसरी बाजू असे, ती पुष्कळदा कोठेच मिळत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, गाणे ओळखीचे असो वा नसो, प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू उतरवून घ्याव्यात.

दुसरी बाजू हरवली कशी, हे समजले तर काय जपायचे तेही समजते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे आणि गाण्याची लांबी त्या मापातच बसवावी लागे. १९४९ साली अमेरिकेत सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी आली आणि पाश्चात्त्य देशांत ‘सिंगल’ म्हणजे हीच तबकडी असे समीकरण झाले. आपल्याकडे हे काम दोन गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीने आणि नंतर बहुधा चार गाणी असलेल्या सात इंची ईपीने केले. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपलने अमेरिकेत ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली. ब्रिटनच्या सिंगल्सच्या अधिकृत यादीत २००५ पासून डाउनलोडची विक्री मोजली जाऊ लागली, २००६ साली एक गाणे केवळ डाउनलोडच्या बळावर त्या यादीत पहिले आले, आणि २००७ पासून गाण्याची तबकडी किंवा सीडी निघण्याची अटच उरली नाही. सुटे गाणे घेता येऊ लागल्यावर सोबतीच्या गाण्याचे कारण संपले.

आपल्याकडे क्रम निराळा होता. येथे लहान तबकडीला डाउनलोडने नव्हे, तर १९८० च्या दशकातील स्वस्त कॅसेटने आधीच बाजूला सारले होते. पुढे बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले, तेव्हा सुटे गाणे पुन्हा आले; मात्र त्याच्यासोबत गीतकार नव्हता, संगीतकार नव्हता, कधी कधी गायकाचे नावही नव्हते. लेबलावर छापलेली ही माहिती गाण्याइतकीच मोलाची आहे. त्यामुळे केवळ आवाज उतरवून काम पूर्ण होत नाही.

कोठून सुरुवात करावी

चवडीतील चित्रपटगीतांना सर्वांत शेवटी हात लावावा. त्यांची मूळ मुद्रणे मोठ्या कंपन्यांनी बहुधा सांभाळलेली आहेत. आधी घ्यावीत ती भीमगीते, शाहिरी, गोंधळ, कीर्तने, कव्वाल्या आणि लहान कंपन्यांनी थोड्या प्रतींत काढलेल्या कॅसेट. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, प्रश्न १४ जानेवारी १९९४ रोजी सुटेपर्यंत या प्रदेशात जी गाणी गायिली गेली, त्यांतील एखादे मुद्रण आपल्या डब्यात असेल, तर त्याची मूळ फीत आज कोणाकडे असेलच असे नाही. जलसा किंवा कीर्तन टेपरेकॉर्डरवर घरीच मुद्रित केलेली कॅसेट असेल, तर ती जगातील एकमेव प्रत आहे असे समजूनच हाताळावी.

तबकडीची ओळख आणि धुणे

तबकडी कोणत्या पदार्थाची आहे हे न पाहता तिला पाणीदेखील लावू नये. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते: जड, ताठ, हातातून पडली तर बशीसारखी फुटणारी. ईपी आणि एलपी (मोठ्या, ३३ फेऱ्यांच्या तबकड्या) बहुधा व्हिनाइल या प्लास्टिकच्या असतात. त्या हलक्या असतात आणि किंचित वाकतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. सुतार चपडा लाख स्पिरिटात विरघळवूनच लाकडाचे पॉलिश तयार करतो, हे लक्षात ठेवले की कारण वेगळे सांगावे लागत नाही. मी ही चूक एकदा केली आहे. आजोळच्या ट्रंकेतील एका अभंगाच्या तबकडीवरची बुरशी कापसाने पुसताना तिचा चकचकीत पृष्ठभाग कापसावर तपकिरी डाग होऊन उतरला आणि ती बाजू कायमची गेली. तो अभंग मला पुन्हा कोठेही ऐकायला मिळालेला नाही.

धुण्यासाठी वाहनाच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बोअरचे पाणी टाळावे, कारण त्यातील क्षार वाळल्यावर खाचांतच बसतात. आधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढावी. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की ओल्या फडक्याने प्रथम पुसल्यास तिचा लगदा होऊन ती खाचांत रुतते. नंतर पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवावे, कधीही आडवे घासू नये. मधले लेबल ओले होऊ देऊ नये आणि लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये. स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून ती सावलीत उभी वाळवावी. बाक आलेली तबकडी उन्हात ठेवून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

वाजवणे आणि मुद्रण

कर्ण्याच्या किंवा चावीच्या ग्रामोफोनवर उतरवून घेण्याचे काम करू नये. त्याच्या पोलादी पिनेचा आणि जड ध्वनिपेटीचा भार खाच झिजवतो. प्रत्येक बाजूला नवी पिन लावण्याची पद्धत त्याचसाठी होती. त्याऐवजी ७८ ची गती असलेला विजेचा टर्नटेबल मिळवावा. येथे सर्वांत जास्त चुका पिनेच्या निवडीत होतात. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉनची, म्हणजे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पिन लागते. ईपी-एलपीची पिन साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते. बारीक पिन रुंद खाचेच्या तळाशी घसरते, तेथील कचरा खरवडते आणि मग ‘तबकडीच खराब आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. योग्य पिन लावल्यावर निकामी ठरवलेल्या तबकडीतून शब्द स्वच्छ ऐकू येतात, असा अनुभव वारंवार येतो.

७८ ची गती नसेल, तर तबकडी ४५ वर वाजवून मुद्रण करता येते आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये गती १.७३ पटीने वाढवता येते. आवाजाचा पोत त्यात थोडा बदलतो, पण काहीच न करण्यापेक्षा हे बरे; पिन मात्र तेव्हाही रुंदच हवी. टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवून देणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पमधून तो घ्यावा. हा भाग काही टर्नटेबलमध्ये आतच असतो. पंखा बंद करावा, टर्नटेबल हलणाऱ्या टेबलावर ठेवू नये, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा; त्यामुळे विजेची घरघर बहुधा कमी होते आणि मध्येच वीज गेली तरी आधी झालेले मुद्रण वाया जात नाही.

मुद्रण २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झवर, डब्ल्यूएव्ही स्वरूपात करावे. एका मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या एका बाजूला सुमारे १२० एमबी. आवाजाची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण आवाजाचे शिखर कापले गेले तर ते परत मिळत नाही. पिन टेकण्याच्या आधीपासून ती उचलल्यानंतरपर्यंत सलग मुद्रण करावे. ही मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. चरचर काढायची असेल तर प्रतीवर काढावी, तीही हलक्या हाताने. खरखरीसोबत संबळाची किंवा तुणतुण्याची धारही निघून जाते आणि ती गेल्याचे पुष्कळदा उशिरा लक्षात येते.

कॅसेट

कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेचे दोन लहान प्लास्टिकचे दात तोडावेत, म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी. आत फितीमागे असणारा बारीक फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. अशा वेळी स्क्रू असलेली दुसरी कॅसेट उघडून तिच्या खोळीत फीत बसवावी. कॅसेट वाजवणाऱ्या डेकचे हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो भाग, येथे मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. आवाज मंद आणि बंदिस्त वाटला, तर हेडजवळचा लहान स्क्रू अगदी थोडा फिरवून तो सर्वांत तीक्ष्ण होईल तेथे थांबावे. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर साठ मिनिटांची कॅसेट सुमारे एक जीबी होते.

नावे, फोटो आणि साठवण

दोन्ही बाजूंच्या लेबलांचे, पाकिटाचे आणि दुकानदाराच्या शिक्क्याचे फोटो घ्यावेत. १९४८ पूर्वी हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे एखाद्या शिक्क्यावर उर्दू मजकूर असला तर तो वाचणाऱ्याकडून उतरवून घ्यावा. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक तिरप्या प्रकाशात दिसतो. तोही लिहावा, कारण अभ्यासक तबकडीची ओळख त्यावरूनच पटवतात. गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, क्रमांक, बाजू आणि तबकडी कोणत्या घरातील, एवढे तरी नोंदवावे. साल छापलेले नसेल तर अंदाजाने लिहू नये. फाइलची एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवावी.

मूळ तबकड्या आडव्या रचू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या, घट्ट आधाराने ठेवाव्यात. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात पत्र्याखालची जागा व्हिनाइलला घातक असते. आतल्या खोलीची पश्चिमेकडे नसलेली भिंत किंवा जाड मातीच्या भिंतीतील दिवळी त्यापेक्षा चांगली.

फाइल इतरांना ऐकवण्याआधी कायदा पाहावा. भारतात मुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतरची साठ वर्षे टिकतो. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात.

तबकडी दुसऱ्याच्या घरची असेल, तर ती परत देताना फाइलची प्रतही द्यावी आणि त्या घरातील जाणत्या माणसासमोर दोन्ही बाजू एकदा वाजवाव्यात. त्या वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी. तबकडी कोणत्या बाजारातून, कोणत्या लग्नाच्या वेळी आणली, दुसऱ्या बाजूचे गाणे घरात कोण म्हणत असे, हे ऐकता ऐकता आठवते. ते बोलणे त्याच क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, लेबलाच्या फोटोशेजारी ठेवावे.