ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाकं आणि हब : या चुका टाळा

गळीत हंगाम जवळ आला की इंजिन ऑइल बदललं जातं, क्लच तपासला जातो, ट्रॉलीचे टायर आणि हुक पाहिले जातात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं मात्र "नक्षी आहे अजून" एवढ्यावर भागतं. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओल्या फडातून रस्त्याला लागतात त्या याच दोन चाकांच्या जोरावर, आणि तो जोर प्रत्येक हबवरच्या (एक्सलच्या टोकाला चाक जिथे बसतं त्या भागावरच्या) मोजक्या नटांमधून जमिनीपर्यंत पोचतो. इथली चूक खेपेच्या मध्यावर, तीही बहुधा रात्री, समोर येते. म्हणून हंगामाआधीच एक दिवस या कामासाठी काढा.

मोठा टायर बसवला की ओढ वाढते, हा समज

सगळ्यात जास्त पैसे याच समजापायी जातात. १३.६-२८ या आकड्यात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. १३.६-२८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण १३१ सेंटिमीटर असतो, तर १६.९-२८ चा साधारण १४३. गिअरबॉक्समधून एक्सलला मिळणारा पीळ तेवढाच राहतो, पण चाकाची त्रिज्या जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते. त्याच गिअरमध्ये वेग तेवढा वाढतो आणि ओढ तेवढीच घटते. चढावर जो ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये निघायचा, त्याला आता पहिला लागतो. ब्रेकवरचा भारही त्याच हिशेबाने वाढतो.

मग मोठा टायर कधीच घेऊ नये का? तसंही नाही. आधी एवढंच बघा की ट्रॅक्टर अडतो तेव्हा नेमकं काय होतं. इंजिनात दम असून चाक जागच्या जागी फिरत असेल, तर पकड कमी पडते आहे. तिथे रुंद टायर किंवा जास्त वजन कामाला येतं. चाक जमीन धरून आहे, पण इंजिन दबून बंद पडतंय, तर पकड पुरेशी आहे आणि भार जास्त आहे किंवा गिअर चुकीचा आहे. अशा ट्रॅक्टरला मोठं चाक बसवलं तर दुखणं वाढतं. ही साधी तपासणी न करता टायरच्या दुकानात जाऊ नका.

ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल तर फक्त मागचा आकार बदलणं पूर्ण टाळा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत असा हिशेब कंपनीने गिअरमध्येच बांधलेला असतो. मागचं चाक मोठं झालं की तो हिशेब मोडतो. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडू लागतात आणि त्याचा मार पुढच्या एक्सलच्या गिअरवर पडतो.

टायरबरोबर रिमही बघा. १६.९ चा टायर १३.६ च्या अरुंद रिमवर चढवून देणारे भेटतात. चढतोही. पण कडा आत ओढल्या जाऊन टायर मध्ये फुगतो, नक्षी मधोमध झिजते आणि रुंद टायरचे पैसे देऊन टेकणारी जागा अरुंदच राहते.

स्पर्धा पाहून घरचा ट्रॅक्टर बदलणं

मोबाइलवर अमेरिकेतल्या ट्रॅक्टर पुलिंगचे आणि पंजाबातल्या टोचनचे, म्हणजे दोन ट्रॅक्टर एकमेकांना ओढतात त्या स्पर्धेचे, व्हिडिओ सगळ्या गावांत पोचले आहेत. तिथली कापलेली नक्षी आणि रुंद चाकं पाहून आपल्याकडेही पोरं तसं काही करू बघतात. अमेरिकन स्पर्धेत ३०० फूट, म्हणजे जेमतेम ९१ मीटर ओढायचं असतं. ट्रॅक्टर पुढे जाईल तशी मागे जोडलेल्या स्लेजवरची (ओझ्याच्या गाड्यावरची) वजनाची पेटी पुढे सरकते आणि ओझं वाढत जातं. तिथल्या मातीच्या पट्ट्यासाठी आणि काही सेकंदांच्या जोरासाठी कापलेला टायर डांबरी रस्त्यावर खेपा करायला बनलेला नसतो. धार लावण्यासाठी लग (नक्षीच्या उंच पट्ट्या) कापले तर डांबरावर ते वाकतात, तापतात आणि मुळाशी चिरतात.

वजन चुकीच्या जागी

चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतःच्याच चाकांवर वाहते, ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ काहीच टाकत नाही. त्यामुळे मागच्या चाकांना वजन आपणच द्यावं लागतं. स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं चाक फिरवायचं आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरतो. १४.९-२८ मध्ये अंदाजे २०० लिटर बसतं, म्हणजे एका चाकाला २०० किलो. पूर्ण भरू नका. वरची हवाच धक्का सोसते, ती नसेल तर प्रत्येक खड्डा थेट एक्सलवर आदळतो. दोन्ही चाकांत पाणी सारखंच हवं.

मागे वजन टाकताना पुढचंही भान ठेवा. ओढताना भार आपोआप पुढून मागे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. पुढची चाकं उचलत असतील तर पुढे वजनं लावा. ट्रॉलीची जोड उंचावर, टॉप लिंकच्या जागी घेणं म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटवण्याची तयारी. असे अपघात जीव घेतात आणि सावरायला वेळ मिळत नाही.

हब आणि नट : खरी काळजी इथे

बऱ्याच जणांना वाटतं की चाक स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर, टेकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळल्यावर स्टड ताणला जातो, तो ताण डिस्कला (चाकाच्या मधल्या तबकडीला) हबवर दाबून धरतो, आणि त्या दोन पत्र्यांमधल्या घर्षणातून ओढ पुढे जाते. ताण गेला की डिस्क प्रत्येक झटक्याला केसभर सरकते, भार आडवा स्टडवर येतो आणि स्टड तुटतो. म्हणजे स्टड तुटण्याचं मूळ बहुतेक वेळा ढिल्या नटात असतं, स्टडच्या दर्जात नाही.

म्हणून चाक बसवण्याआधी दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. माती, गंज, आणि विशेषतः नवा रंग. डिस्क रंगवून लगेच बसवली तर भाराखाली रंगाचा थर दबतो आणि आवळलेला नट दोन दिवसांत आपोआप ढिला होतो. भोकांभोवतीची जागा रंगाविना ठेवलेली बरी. स्टडच्या आट्यांना ग्रीस चोपडायची सवयही सोडा, पुस्तिकेत तसं सांगितलं नसेल तर. ग्रीस असलेला नट तेवढ्याच जोरात जास्त आवळला जातो आणि स्टड नको इतका ताणतो.

नटाचं तोंड तपासा. उतरत्या तोंडाच्या नटाला भोकही तसंच उतरतं लागतं. सपाट नट तिथे बसवला तर तो काठावरच टेकतो. दुकानात आटे जुळले म्हणून कुठलाही नट आणू नका, जुना सोबत न्या.

आवळताना शेजारशेजारचे नट एकामागून एक घेऊ नका, समोरासमोरचे घ्या. आधी सगळे अर्ध्यावर, मग चाक जमिनीला टेकवून शेवटचा जोर. हा जोर किती हे पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तो टॉर्क रेंचनेच मोजला जातो. पान्याला लांब पाइप घालून त्यावर उभं राहणं हे माप नव्हे. रेंच महाग वाटत असेल तर चार-पाच जणांनी मिळून एक घ्या.

नवं किंवा उघडलेलं चाक असेल तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर नट पुन्हा तपासा, मग साधारण दहा तास काम झाल्यावर, आणि पुढे हंगामभर दर आठवड्याला. डिस्क आणि रिम जोडणारे बोल्ट यात हमखास विसरले जातात. ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) बदलण्यासाठी डिस्क उलटी केली असेल, तर तेच बोल्ट आधी बघा. डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल केली असेल तर टायरवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेलाच आहे ना तेही पाहा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिलं की लगनी होणाऱ्या V ची नोक वरच्या बाजूला दिसायला हवी.

चाक बाहेर काढण्यासाठी हब आणि डिस्कच्या मध्ये स्पेसर (अंतर वाढवणारा जाड तुकडा) टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, ओढकामाच्या ट्रॅक्टरला तर नकोच. चाक जितकं बाहेर जाईल तितका एक्सल आणि बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढतो. रुंदी हवी असेल तर डिस्क-रिमच्या जागा बदलून मिळेल तेवढीच घ्या.

लक्षणावरून दोष

नटाच्या बुडातून तांबूस गंजाची रेघ निघालेली दिसली, तर तो नट हलतो आहे. चाक उतरवून भोकं बघा. भोक लांबट झालं असेल तर डिस्क बदला. वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलेलं भोक हंगाम काढत नाही.

ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका झाला, तर टायर रिमवर सरकतो आहे. हवा कमी असते किंवा रिमची कड गंजलेली असते. रिम आणि टायरवर खडूची एकच सरळ रेघ मारा. खेपेनंतर ती तुटलेली दिसली की संशय उरत नाही. तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह ट्यूबमधून उपटून येतो.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटका लागला तर बेअरिंग झिजलं आहे किंवा त्याची बसवणी ढिली आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलेलं असेल तर सील गेलं, पण नुसतं सील बदलून थांबू नका. हलणाऱ्या एक्सलवर नवं सीलही टिकत नाही, म्हणून आधी बेअरिंग.

एक स्टड तुटला तर त्याच्या दोन्ही शेजारचेही बदला, कारण त्याचा भार त्यांनी वाहिलेला असतो. दोन तुटले तर त्या हबचे सगळे बदला. आणि तुटलेला असताना "ही एक खेप टाकून येतो" असं म्हणून भरलेली ट्रॉली रस्त्यावर नेऊ नका. ट्रॉली तिथेच उतरवा, स्टड येईपर्यंत ऊस थांबू द्या.