विमानाच्या पॉइंट्सचं खातं बदलायचंय? आधी पुढचं वर्ष कागदावर मांडा

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि सोमवारी पहाटे पुण्याच्या विमानतळावर हमखास भेटणाऱ्या आमच्या मंडळींना बोलायला नवा विषय मिळाला. नेहमीच्या प्रवाशाला पॉइंट देणाऱ्या क्लब विस्तारा योजनेतले पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबात गेले, ते ठीक. पण आता इथंच राहायचं की बिऱ्हाड हलवायचं? त्याच वर्षी इंडिगोनंही ब्लूचिप ही स्वतःची योजना आणली होती. कुणी सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे गोडवे गायचं, कुणी एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचे. मतं सगळ्यांची ठाम होती, हिशेब मात्र कुणीच केलेला नव्हता. मीसुद्धा.

तो हिशेब कसा मांडायचा ते इथं सांगतो. एक मोकळी संध्याकाळ आणि एक कागद पुरतो.

१. पुढच्या बारा महिन्यांचे प्रवास लिहून काढा

बहुतेक जण मागं बघून ठरवतात. "गेल्या वर्षी तीस फेऱ्या झाल्या, म्हणजे मला गोल्ड, वरच्या श्रेणीचं कार्ड, हवंच." मी स्वतः हे केलंय. एका डिसेंबरात वरच्या श्रेणीला थोडेसेच पॉइंट कमी पडत होते, म्हणून रविवारी पदरचे पैसे घालून उगाच दिल्लीला गेलो, विमानतळावरच छोले-कुलचे खाल्ले आणि संध्याकाळच्या विमानानं परत आलो. जानेवारीत कार्ड आलं. मार्चमध्ये प्रोजेक्ट बदललं, ऑफिस हिंजवडीला आलं आणि त्या वर्षात मी एकूण चार वेळा विमानात बसलो. बायको अजून त्या छोल्यांची किंमत विचारते.

तेव्हा कागदावर पुढचं वर्ष मांडा. कुठून कुठं, साधारण किती वेळा, पैसे कोण देणार, आणि विमान कंपनी निवडणं माझ्या हातात आहे का. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ऑफिसचं पोर्टल सगळ्यांत स्वस्त तिकीटच घ्यायला लावत असेल, तर त्या फेऱ्यांवर तुमची निष्ठा चालत नाही; त्या वेगळ्या काढा. तुम्ही नाशिक किंवा कोल्हापूरला राहत असाल, तर तिथून उडणारी विमानं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणजे निम्मा निर्णय विमानतळानंच घेऊन टाकलाय. मुंबईकराला मात्र सगळं दालन उघडं असतं.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक गोष्ट. सरकारी कामाच्या प्रवासावर मिळालेले माइल्स (बऱ्याच योजनांत पॉइंटलाच हे नाव) सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. त्या फेऱ्या या हिशेबात धरू नका.

२. विमान बदलणं वेगळं, खातं बदलणं वेगळं

इथं बरेच जण गोंधळतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आहे. त्यामुळे एअर इंडियाच्या विमानात बसूनही तुम्ही क्रिसफ्लायरचा नंबर देऊ शकता आणि माइल्स तिकडे जमा होतात. लुफ्तान्सा, स्विस, थाई, युनायटेड, एएनए, तुर्किश हे सगळे याच गोतावळ्यातले. एका उड्डाणाचे माइल्स एकाच खात्यात जातात, पण ते कुठलं हे तुम्ही ठरवता.

म्हणजे नेहमीचं विमान, नेहमीची वेळ, नेहमीची खिडकी तशीच ठेवून फक्त खातं बदलता येतं. इंडिगो अशा कुठल्याच संघात नाही, एमिरेट्स आणि एतिहादही नाहीत. त्यांच्यापैकी कुणाकडे जायचं तर मात्र खरोखर विमानच बदलावं लागतं.

३. पैशावर की अंतरावर?

खरं घोडं इथं अडतं, म्हणून इथं जरा वेळ द्या.

पूर्वी सगळीकडे हिशेब अंतरावर चालायचा. माइल्स हे नाव त्यातूनच आलं. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं, २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं तिकिटाच्या किमतीवर माइल्स द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानं २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. ब्रिटिश एअरवेजनं तर एप्रिल २०२५ पासून श्रेणीसुद्धा मुख्यतः तुम्ही किती खर्च करता यावर द्यायचं ठरवलं. दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे माइल्स आपल्या खात्यात घेताना मात्र बऱ्याच योजना अजूनही अंतर आणि तिकिटाचा वर्ग बघतात.

याचा अर्थ सरळ आहे. ऐनवेळी काढलेली महागडी तिकिटं कंपनीच्या पैशानं मिळत असतील, तर पैशावर चालणारी योजना तुमची. तीन महिने आधी स्वस्तात तिकीट काढून लांबचा पल्ला मारणारे असाल, तर अंतरावर चालणारी.

पण अंतरवाल्यांनी तिकिटावरचं ते एक अक्षर बघायला विसरू नये. इकॉनॉमीतच बारा-पंधरा प्रकार असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर असतं. त्यावरून अंतराच्या शंभर टक्के माइल्स मिळणार, पन्नास टक्के की भोपळा, ते ठरतं. ज्या योजनेत जायचंय तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागीदार कंपनीचा तक्ता असतो. मागच्या पाच तिकिटांवरची अक्षरं त्या तक्त्यात शोधून पाहा.

उदाहरण घेऊ. क्रिसफ्लायरच्या एलिट गोल्ड श्रेणीला बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स, म्हणजे श्रेणीसाठी मोजले जाणारे माइल्स, लागतात. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ४,००० मैल, जाऊन-येऊन ८,०००. शंभर टक्के मिळणारं तिकीट असेल तर सहा-सात फेऱ्यांत काम होतं. पन्नास टक्केवालं असेल तर बारा-तेरा फेऱ्या लागतात, आणि महिन्याला एकदा फ्रँकफर्टला जाणारा माणूस हा लेख वाचत बसलेला नसतो. पुणे-दिल्ली जाऊन-येऊन जेमतेम साडेचौदाशे मैल. त्यावर पूर्ण माइल्स मिळाले तरी पस्तीस फेऱ्या. नुसत्या देशांतर्गत फेऱ्यांवर परदेशी योजनेत श्रेणी मिळवायची म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची.

४. जुन्या पॉइंट्सची रुपयांत किंमत काढा

"माझे साठ हजार पॉइंट पडलेत, कसं सोडू?" हे मी दर आठवड्याला ऐकतो. आधी त्यांची किंमत तरी काढा. तुम्ही खरोखर जाणार आहात असा एक प्रवास निवडा. समजा, ते तिकीट रोख घेतलं तर १२,००० रुपये पडतात, आणि पॉइंटवर घेतलं तर ९,००० पॉइंट अधिक १,५०० रुपये कर. बारा हजारांतून दीड हजार वजा करा, उरलेल्या १०,५०० ला ९,००० नं भागा. एका पॉइंटला एक रुपया सतरा पैसे. साठ हजारांचे झाले सत्तर हजार रुपये.

कर वजा करायला विसरलात तर आकडा उगाच फुगतो. काही कंपन्या पॉइंटच्या तिकिटावरही इंधनाच्या नावानं भरभक्कम रक्कम घेतात आणि लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर वेगळा. आणि हा हिशेब सुट्टीतल्या तारखेचा करा. मेच्या किंवा दिवाळीच्या तारखांना पॉइंटवर जागाच दिसत नसेल, तर तुमच्यासाठी ते सत्तर हजार नाहीत.

किंमत निघाली की समजतं, की जुने पॉइंट हे खातं न बदलण्याचं कारणच नाही. ते खर्च करून टाका आणि मग जा. आई-बाबांना काशीला पाठवा, भाचीला गोव्याचं तिकीट काढून द्या. मुदत तेवढी बघा: क्रिसफ्लायर आणि स्कायवर्ड्सचे माइल्स साधारण तीन वर्षांनी संपतात, युनायटेड आणि डेल्टाचे संपत नाहीत. मुदत नसली तरी भाव पडायचा राहत नाही, त्यामुळे पॉइंटची गंगाजळी करून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा किंग क्लबात माइल्स साठवून बसलेल्यांच्या हातात काय उरलं ते आठवा. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची जेटप्रिव्हिलेज वेगळी कंपनी होती म्हणून इंटरमाइल्स या नावानं पुढं तगली, पण ज्या विमानांसाठी माइल्स जमवले ती विमानंच उरली नाहीत. संघांचंही तसंच. स्टार अलायन्स १९९७ मध्ये ज्या पाच कंपन्यांनी उभा केला त्यातली एसएएस सप्टेंबर २०२४ मध्ये उठून स्कायटीममध्ये गेली.

५. श्रेणीला खरंच काही अर्थ आहे का?

पॉइंट्सपेक्षा माणूस श्रेणीला जास्त चिकटतो. नावानं हाक मारतात, रांग टळते. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक सवलतीपुढं एकच प्रश्न लिहा: ही नसती तर मी स्वतःच्या खिशातून किती दिले असते?

लाउंजचं उत्तर बहुतेकांसाठी शून्याच्या आसपास येतं, कारण भारतातल्या लाउंजमध्ये क्रेडिट कार्डावरही जाता येतं. (त्या रांगेत उभं राहून मिळणारा उपमा किती रुपयांचा, हा प्रश्न निराळा.) परदेशात दोन विमानांमधल्या लांब थांब्यात मात्र स्टार गोल्डचं (स्टार अलायन्सची वरची श्रेणी; क्रिसफ्लायरचं एलिट गोल्ड त्यातच येतं) लाउंज सोन्यासारखं, आणि सोबत एक पाहुणाही नेता येतो. जादा सामानाचा फायदा अगदी रोकडा: स्टार गोल्डला वजनाचा नियम असेल तिथं २० किलो जास्त, नगांचा नियम असेल तिथं एक बॅग जास्त. वर्षातून दोनदा मुलीकडे अमेरिकेला भाजणी, पापड, गोडा मसाला घेऊन जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याखालच्या स्टार सिल्व्हरला मात्र संघातल्या इतर कंपन्यांकडे जवळपास काहीच मिळत नाही. वेटलिस्टवर थोडं पुढं सरकवतात, एवढंच. म्हणून नव्या ठिकाणी सिल्व्हरपर्यंतच पोचणार असाल, तर श्रेणीचा रकाना शून्य धरून चाला.

६. ठरलंच असेल तर कसं हलायचं

जुनी श्रेणी नुकतीच नव्यानं मिळाली असेल, तो हलण्याचा सगळ्यांत चांगला काळ. ती वर्षभर हाताशी राहते आणि तेवढ्या काळात नवीकडे माइल्स जमतात. श्रेणी संपायला दोन महिने उरले असताना हललात, तर दोन्हीकडून मोकळे.

नव्या कंपनीला स्टेटस मॅच मागून पाहा: तुमच्याकडे आत्ता जी श्रेणी आहे, तीच ते देतात. पुरावा म्हणून जुनं कार्ड आणि अलीकडच्या उड्डाणांचा उतारा लागतो. काही कंपन्या पैसे घेतात, काही तीन-चार महिन्यांसाठी देऊन तेवढ्यात ठरावीक प्रवास करून दाखवायला सांगतात. बऱ्याच ठिकाणी ही संधी एकदाच मिळते. म्हणून अर्ज करण्याआधी पहिल्या पायरीतली यादी उघडा आणि तुमचे सगळ्यांत जास्त प्रवास ज्या महिन्यांत आहेत, त्यांच्या तोंडावर मागा. पावसाळ्यात घरी बसायचं असताना मागून काय उपयोग?

नव्या खात्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून माइल्स अडकतात. पहिल्या चार-पाच प्रवासांचे बोर्डिंग पास जपून ठेवा; माइल्स आपोआप जमा झाले नाहीत तर मागताना तेच लागतात, आणि मागायला मुदत असते.

जुनं खातं बंद करू नका, ते पडून राहिलं तर काही बिघडत नाही. फक्त ऑफिसच्या पोर्टलवर तुमच्या माहितीत जुना नंबर साठवलेला असतो, तो आजच बदला. आमच्या एका सहकाऱ्यानं सगळा हिशेब मांडला, खातं बदललं, नवं कार्डही पाकिटात घातलं. सात महिन्यांनी बघितलं तर सगळे माइल्स जुन्याच खात्यात जमा होत होते.