श्रावणात तलंग मलूल दिसली तर

इंदुरात पावसाने जोर धरला की शेजारच्या हिंदीभाषक घरी श्रावण सुरू होतो आणि आपला मराठी श्रावण लागायला अजून पंधरवडा असतो. कोंबड्या पाळणाऱ्याने हा मधला पंधरवडा डोळ्यांत तेल घालून काढावा. मे महिन्यात हौसेने आणलेली पिल्ले आता अडीच-तीन महिन्यांची तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, झालेली असतात. अंगावर पिसे भरलेली, पण पायाखाली ओल. राऊ, सिमरोल, सांवेरकडे थोडी शेती आणि राहणे रामबागेत किंवा लोकमान्यनगरात, अशा घरांत पहिल्यांदाच आठ-दहा कोंबड्या आल्या असतील आणि त्यांतली एक सकाळी कोपऱ्यात पिसे फुगवून उभी असेल, तर पुढचे वाचा.

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या टोचून काढतात, म्हणून अंगात ताकद आहे तोवर ती दाणे टिपायचे नाटकही करते. तुम्हाला ती मलूल दिसली याचा अर्थ दुखणे बहुधा कालचे-परवाचे आहे. त्यामुळे उद्या सकाळी बघू म्हणू नका. आणि हातात मिळेल ते प्रतिजैविक पाण्यात कालवू नका. पहिल्या काही तासांत बहुतेक तलंगांना औषधापेक्षा ऊब, कोरडी जागा आणि पाणी यांची गरज असते.

तिला वेगळी करा. चोइथराम मंडीत फळांचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात, त्यातला एक पुरे. तळाशी गोणपाट, वर जुने सुती फडके. भुसा नको, कारण विष्ठा नीट दिसली पाहिजे. क्रेट घराच्या ओसरीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवा. निरोगी कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या वरच असते, म्हणून ती हाताला गरम लागली की ताप आला असे समजू नका. उलट पावसात भिजलेली, न खाणारी तलंग थंड पडत जाते. एका कोपऱ्यावर चाळीस-साठ वॅटचा पिवळा बल्ब लावा. एलईडीने ऊब येत नाही. दुसरा कोपरा मोकळा सोडा, नकोसे झाले तर तिला सरकता आले पाहिजे. बल्ब जाळीत आणि पक्का बांधलेला हवा. गोणपाटाला आग लागायला वेळ लागत नाही.

पाणी द्यायची पद्धत नव्या माणसाकडून हमखास चुकते. चोच उघडून घशात पाणी ओतायचे नाही. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी तिकडे गेले की कोंबडी हातातच जाते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती आपण होऊन गिळते. एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा गूळ किंवा साखर आणि चिमूटभर मीठ, एवढे एक दिवसापुरते चालते. खायला तिचेच नेहमीचे खाद्य पाण्यात भिजवून द्या, किंवा उकडलेल्या अंड्याचा कुस्करा. घरातले उरलेले पोहे-शेव मात्र नको. शेवेशिवाय आपल्याला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही हे मान्य, पण त्यातले मीठ एवढ्याशा जिवाला सोसत नाही.

आता विष्ठा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, तेव्हा फडक्यावरचा फोटो काढून ठेवा. तपकिरी गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी म्हणजे नेहमीची विष्ठा. दर आठ-दहा वेळांनी एकदा चिकट, चॉकलेटी, भयंकर वासाची येते. तीही नेहमीचीच, हगवण नव्हे. हिरवी आणि पातळ असेल तर बहुतेक वेळा कोंबडी उपाशी आहे, कधी ती राणीखेत या जीवघेण्या रोगाची खूणही असते. लाल रक्त दिसले तर थांबू नका.

या वयात आणि या ऋतूत रक्त म्हणजे आधी रक्ती हगवणीचा संशय. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. तिचे जंतू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्याला बाधतील असे तयार होतात. मालवाच्या काळ्या जमिनीत ओल धरून राहते आणि पावसाळ्यात खुराड्याला ऊन लागत नाही, मग याहून सोयीची जागा त्यांना कुठली? म्हणून एकीला लागण दिसली की उपचार पूर्ण कळपाला करायचा असतो. पाण्यातून देण्याचे ॲम्प्रोलियम हे त्यावरचे नेहमीचे औषध. मात्रा पुडीवर लिहिलेली आणि डॉक्टरांनी सांगितलेली तीच, आणि त्या दिवसांत पिण्याचे दुसरे पाणी खुराड्यात नको. पावसाचे डबके असेल तर कोंबड्या तिथेच पितात आणि औषध भांड्यात पडून राहते.

इथे एक चूक मी स्वतः केली आहे. औषध सुरू केले आणि लवकर अंग धरावे म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सही घातले. ॲम्प्रोलियम काम करते ते जंतूंचे बी-१ जीवनसत्त्व अडवून. मी एका हाताने अडवत होतो आणि दुसऱ्या हाताने वाढत होतो. पाच दिवस गेले तरी फरक पडेना, तेव्हा इंदूरजवळच्या महूच्या एका पशुवैद्याने पाण्याचे भांडे बघून विचारले, ‘हे पिवळे काय घातलंय?’ जीवनसत्त्वे द्यायचीच तर औषधाचा कोर्स संपल्यावर.

औषधाने ही तलंग वाचेल, पण खुराड्याची जमीन ओली राहिली तर महिन्याभरात दुसरी बसेल. फिनाइलने हे जंतू सहसा मरत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा. खाली अंथरलेल्या भुशाची ओली गादी खरवडून बाहेर काढा, खाली चुना भुरभुरा, वर चार बोटे कोरडा भुसा किंवा लाकडाचा भुगा टाका आणि रोज खालीवर करा. मूठभर भुसा दाबून बघा: गोळा झाला तर ओला आहे, हात उघडल्यावर मोकळा झाला तर ठीक. पाण्याचे भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. निम्मी ओल सांडलेल्या पाण्याचीच असते. खुराडे उंचावर नसेल तर भोवती वीतभर खोल चर खणा. पावसात हे करायचा कंटाळा येतो, मलाही येतो.

आपल्याकडे अनेकांनी झाबुआचे कडकनाथ आणलेत. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हौस वाढली आहे. पुस्तकात वाचाल की तुरा फिकट पडला तर रक्त कमी झाले असे समजावे. कडकनाथचा तुरा, कातडी, तोंडाचे आतले अंगसुद्धा काळपट. तिथे फिकटपणा काय दिसणार? त्यांच्यासाठी छातीचे हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेले लागले तर बरे. बोटाला सुरीच्या पात्यासारखे टोचले तर पक्षी बऱ्याच दिवसांपासून झिजतो आहे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहिले तर हे आधीच कळते.

पहाटे गळ्याखालची अन्नाची पिशवीही बघा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही टणक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर अन्न अडकले आहे. दाणे बंद करून डॉक्टरांना दाखवा, उलटे धरून पिळू नका. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या असतील तर देवी. डासांमुळे पसरते, बहुतेक पक्षी दोन-चार आठवड्यांत बरे होतात, फक्त डोळे स्वच्छ ठेवा आणि डबकी बुजवा. शिंका, नाकातून पाणी, घरघर असेल तर बंद खुराड्यातला अमोनियाचा वास आधी घालवा. रात्री टॉर्च घेऊन शेपटीखालची पिसे उलटून बघा, उवा तिथे असतात.

मान वाकडी होणे, गोल फिरणे, हिरवी हगवण आणि एकामागून एक मर, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिच्यावर औषध नाही, लसच आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबीची सुई. विकणारा ‘सगळ्या लसी झाल्यात’ म्हणाला तर तारखा विचारा. माझ्या विकणाऱ्याला त्या आठवत नव्हत्या. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते, तेव्हा आसपासच्या चार घरांनी मिळून दिवस ठरवा. आजारी पक्ष्याला लस टोचायची नाही.

तलंगेने दिवसभर खाल्ले नाही, श्वास तोंडाने घेते, उभी राहत नाही किंवा रक्त पडते आहे, यांतले काहीही असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन लावा किंवा तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. एखादी दगावली आणि कारण कळत नसेल तर शवविच्छेदनासाठी बर्फाच्या पिशवीबरोबर लवकर पोचवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका. गोठल्यावर आतले काही नीट वाचता येत नाही. एकदम पाच-सहा मेल्या, डोकी सुजली, आसपास कावळेही मेलेले दिसले तर कशालाही हात न लावता पशुपालन खात्याला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्याच डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लू निघाला, हे अनेकांना आठवत असेल. मेलेली कोंबडी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, नाल्यात तर नाहीच. खोल खड्डा, वर चुना आणि माती.

बरी झालेली तलंग दिवसाउजेडी कळपात सोडू नका. आठ दिवस दूर राहिली की बाकीच्यांना ती परकी वाटते. आधी दोन-तीन दिवस तिचा क्रेट जाळीपलीकडे, एकमेकींना दिसेल असा ठेवा. मग अंधार पडल्यावर तिला अलगद दांडीवर इतरांच्या मध्ये बसवा. दुसऱ्या दिवशी खाद्याची दोन भांडी ठेवा, एकमेकांपासून लांब, आणि सकाळचा अर्धा तास तिथेच स्टूल टाकून बसा.