युरीन कल्चर करताय? या चुका टाळा

उन्हाळी लागली की आधी धण्याचं पाणी, मग मेडिकलमधून दोन गोळ्या, आणि तरीही जळजळ थांबली नाही तर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं हे बघणारी तपासणी. हा क्रमच उलटा आहे. डॉक्टर कल्चर सांगणार असतील, तर नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी द्यायचा.

नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेऊन आलेल्या बाईंचा रिपोर्ट बघा: पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर, पण कल्चर ‘नो ग्रोथ’. औषध लघवीत उतरलेलं असतं, म्हणून लॅबच्या प्लेटवर जंतू वाढत नाहीत. मूत्राशयात मात्र चिवट जंतू तगून राहिलेले असू शकतात. बाईंना वाटतं, इन्फेक्शन गेलं. चार दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका लागतो. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असतात, आणि कोणतं इंजेक्शन लागू पडेल हे सांगणारा कागद हाताशी नसतो. मुळात नॉरफ्लॉक्सासिनची निवडच चुकलेली. लघवीच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जंतू असतो, आणि भारतातल्या रुग्णालयांतल्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त ई. कोलाय नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना जुमानत नाहीत. ‘मागच्या वेळी यानेच बरं वाटलं होतं’ हा निकष आता धरू नका.

दुसरी चूक डबीची. सकाळी सातला भरलेली डबी अकराला लॅबमध्ये पोचते. मे महिन्यातल्या नागपूरच्या उकाड्यात जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तरी चार तासांत अडीचशेपट. मिलिलिटरला हजार असलेले जंतू अडीच लाख दिसतात, इन्फेक्शन मानायची एक लाखाची रेघ ओलांडतात आणि नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं. डबी दोन तासांत पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. चोवीस तासांच्या आत द्या.

नमुना घेताना साध्या पाण्याने धुवा, डेटॉल नको. पहिली धार सोडून मधली वीस-तीस मिलिलिटर धरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवीतली लघवी कधीही देऊ नका.

रिपोर्टमध्ये एमआयसीचा (जंतूंची वाढ थांबवायला औषधाचं किमान किती प्रमाण लागतं, त्याचा) सर्वांत छोटा आकडा शोधून तेच औषध निवडणं हाही उतावीळपणाच. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात; प्रत्येकाची मर्यादा वेगळी. नायट्रोफ्युरॅन्टॉइन या औषधापुढे ‘एस’ (जंतूंवर लागू पडतं) असला, तरी ताप असताना ते पुरत नाही, कारण ते लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही. मूत्राशयापुरत्या साध्या इन्फेक्शनला मात्र ते आजही चांगलं; जेवणासोबत घ्यावं.

त्रास काहीच नाही, पण कल्चरमध्ये जंतू आले? गर्भवती किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेला जाणारे सोडले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. उगाच घेतलेल्या कोर्समधून चिवट जंतूच मागे उरतात.

जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांवरून स्वतः गोळ्या आणू नका.