देवाशी जवळचं नातं कसं जोडावं: गावातल्या ख्रिस्ती माणसासाठी

आधी चांगलं व्हायचं आणि मग देवाजवळ जायचं, असं समजून कितीतरी जण वर्षानुवर्षं उंबरठ्यावरच थांबतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. त्यातला बाप मात्र परत आलेला मुलगा काही बोलायच्या आधीच त्याच्याकडे धावत गेला. तेव्हा आहात तसेच सुरुवात करा.

वेळ आणि जागा

येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला, असं मार्क 1:35 मध्ये दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेइतकी बरी वेळ दुसरी नाही. पण ओलिताची लाइन (वीज) रात्रीची असेल आणि तुम्ही पहाटेच वावरातून परतत असाल, तर पहाटेचा हट्ट धरू नका. दुपारची वेळ धरा. पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्याच दिवशी तासाभराचा संकल्प केला, की पेरणी आली किंवा कापूस वेचणीला आला की नेम मोडतो आणि मग लाजेपोटी माणूस बसतच नाही. खंड पडला तर राहिलेलं भरून काढू नका. आजचं आज करा.

घर दोन खोल्यांचं असेल तर गोठ्याची कड किंवा वावरातलं निंबाचं झाड चालतं. मोबाइल घरी ठेवा.

वाचन: पाच मिनिटं

मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरू करा. 16 अध्याय आहेत. रोज अर्धा वाचला तर साधारण महिन्याभरात संपतं. मोठ्यानं वाचा. मग दोनच गोष्टी पाहा: इथं येशू कसा वागतो, आणि आज मी काय करावं. उत्तर वहीत एका ओळीत लिहा. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, हे करू नका. मागचा-पुढचा संदर्भ तुटतो आणि माणूस हवं तेच ऐकतो. वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. त्याचंही वाचन होतं.

प्रार्थना: दहा मिनिटं

पहिली दोन मिनिटं गप्प बसा. मन भटकेल, भटकलं की त्याच विषयावर देवाशी बोला. मग खरं ते सांगा, आणि घरी बोलता त्याच बोलीत सांगा. पाळकसाहेबांसारखी भाषा आणायला गेलात की बोलणं पाठांतर होतं. ‘देवा, सोयाबीन गेलं. पोराची फी कुठून भरू, मले काई समजून नाई रायलं’, ही पूर्ण प्रार्थना आहे. राग असेल तर तोही सांगा. स्तोत्र 13 ची सुरुवात देवाला जाब विचारण्यानंच होते.

मागणं वाईट नाही. धरला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तेच मागणं पुन्हा पुन्हा मागितलं आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. बिघडतं ते देवाशी सौदा मांडल्यावर: पाऊस आला तर उपासनेला येईन, कर्ज फिटलं तर दान देईन. अशा बोलण्यात देव सावकार होतो, बाप राहत नाही. म्हणून मागण्याआधी कालच्या दोन गोष्टींसाठी उपकार माना आणि एक चूक नाव घेऊन कबूल करा. ‘माझी सर्व पापं क्षमा कर’ म्हणणं सोपं असतं. ‘काल बायकोवर उगाच ओरडलो’ म्हणणं जड जातं. जवळीक त्या दुसऱ्या वाक्यानं वाढते.

धुऱ्याचा वाद

प्रार्थना अडल्यासारखी वाटत असेल तर आधी हे तपासा. मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो की अर्पण वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट कर. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) किंवा वाटणीवरून भावाशी वर्षभर बोलणं बंद असेल, तर नेम कितीही पाळला तरी आत गाठ राहते. पहिल्या आठवड्यात त्याचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दुसऱ्या आठवड्यात समोर दिसला की नमस्कार करा. नंतर एकट्यानं त्याच्या घरी जा. चार माणसं सोबत नेलीत तर बैठक होते, समेट होत नाही. आपली चूक सांगा, त्याची मोजू नका. क्षमा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडणं नव्हे. मोजणीचा अर्ज शांतपणेही करता येतो.

मंडळी

गावात एखाददुसरंच ख्रिस्ती घर असेल आणि चर्च तालुक्याला असेल, तर प्रभुभोजनाचा रविवार तरी चुकवू नका. मधल्या आठवड्यांत दोन-तीन जण घरी जमा. एक अध्याय, एक गीत आणि एकमेकांसाठी प्रार्थना. चहा पुरे, जेवणावळ घातली की यजमानावर भार पडतो आणि जमणं बंद होतं.

काहीच वाटेनासं झालं तर

असे महिने येतात. तेव्हा नेम लहान करा, सोडू नका: एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. मात्र झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर ती विश्वासाची उणीव समजू नका. त्याच दिवशी घरातल्या माणसाला आणि पाळकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी टेलिमानस क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.