जुन्या गाडीचे ब्रेक पेडल खाली बसत असेल तर दोष कसा शोधावा

जुन्या गाडीचा ब्रेक नरम लागतो अशी तक्रार केली की बहुतेक वेळा ब्रेक ऑइल भरून आणि हवा काढून गाडी परत दिली जाते. परंतु पेडल स्पंजासारखे दबणे आणि पाय स्थिर असताना ते हळूहळू खाली जात राहणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नागपुरात दुसरी तक्रार बहुधा व्हरायटी चौकासारख्या गर्दीच्या सिग्नलवर जाणवते, कारण तेथे पेडलवर हलका पाय ठेवून थांबावे लागते. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. गॅरेजपर्यंतसुद्धा ती टो करूनच न्यावी.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातील) व्हॅक्यूम संपतो. त्यानंतर पेडल एक मिनिट जोराने आणि मग एक मिनिट हलकेच दाबून धरावे. हलक्या दाबाची चाचणी अनेक जण करत नाहीत, पण माझ्या मते तीच अधिक बोलकी आहे: जोर दिला की मास्टर सिलिंडरमधील (पेडलच्या दाबाने तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्यातील) झिजलेला रबरी कपही भिंतीला घट्ट चिकटून तेल अडवतो, तर हलक्या दाबाखाली तेच तेल त्याच्या कडेवरून मागे सरकते. पेडल दाबलेले असताना इंजिन सुरू केल्यावर ते थोडेसे खाली जाऊन थांबले, तर तो दोष नसून बूस्टर काम करत असल्याची खूण आहे.

पेडल भराभर दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधील शूंचे (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचे) ड्रमपासूनचे अंतर वाढले आहे. हवा काढण्यापूर्वी शूंची सेटिंग तपासावी.

पेडल स्थिर दाबाखाली खाली जात असेल, तर आधी बाहेरची गळती शोधावी. चारही चाकांची आतली बाजू, ड्रम उघडून व्हील सिलिंडरची (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपणे, होज पाइप आणि पेडलच्या दांड्याखालचे कार्पेट पाहावे. मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडलेला असतो तो सांधाही पाहावा, कारण तेथून गळलेले तेल बूस्टरमध्ये साचते आणि बाहेर दिसत नाही. सर्व कोरडे असून ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळीही कमी होत नसेल, तर तेल मास्टर सिलिंडरच्या आतूनच टाकीकडे परत जात आहे असे समजावे. खात्रीसाठी त्याच्या पाइपांच्या जागी योग्य मापाचे प्लग बसवून आतील हवा काढावी आणि पेडल दाबावे. तरीही ते बसत असेल तर सिलिंडर निश्चितच खराब आहे, आणि कडक झाले तर दोष पुढे, म्हणजे पाइपांत किंवा चाकांकडे आहे.

गाडी थंड असताना ब्रेक चांगला आणि रामटेकच्या गडावरून उतरताना नरम होत असेल, तर संशय जुन्या तेलावर घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ३ दर्जाच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तापलेल्या ब्रेकमुळे असे तेल उकळून वाफ तयार होते आणि वाफ दाबली जाते.

हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये. एरवी जेथे कप पोहोचत नाही तेथे जुन्या सिलिंडरमध्ये गंज साठलेला असतो आणि त्यावरून घासला गेल्यास चांगला कपही फाटतो, त्यामुळे पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. दुरुस्तीनंतर हलक्या दाबाची तीच चाचणी पुन्हा करावी आणि पेडल पूर्ण एक मिनिट जागचे हलले नाही, तरच गाडी बाहेर काढावी.