जुनं फर्निचर उचलण्याआधीची तयारी

ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या फर्निचरला तोटा नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की ऐरोली-घणसोलीतली नोकरदार मुलं टेबल-खुर्च्या मिळेल त्या भावात काढून टाकतात. नौपाड्यात इमारत पुनर्विकासाला गेली की आजोबांच्या वेळचं कपाट कुणाच्याच नव्या फ्लॅटमध्ये मावत नाही. वस्तू स्वस्तात मिळते, बजेट बिघडतं ते ती घरी आल्यावर. म्हणून तयारी आधी.

सगळ्यात आधी टेप. वस्तूचं माप सगळेच घेतात, जिन्याच्या वळणाचं कुणी घेत नाही. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत कपाट वळणावर अडकलं की हमाल जास्तीचे पैसे मागणार, आणि ते रास्तच आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्ट मोठी असते, पण सामान चढवायच्या वेळा सोसायटी ठरवते. विकणाऱ्याच्या गेटवर सामान बाहेर काढायला चिठ्ठी लागत असेल, तर ती त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलेली बरी. छोटा हत्तीवाला ताटकळत उभा राहण्याचे पैसे लावतो.

बघायला जाताना टॉर्च, टोकदार स्क्रू ड्रायव्हर, कापूस आणि छोट्या बाटलीत थोडं स्पिरिट न्या. विकणारा प्रत्येक तपकिरी वस्तूला सागवानी म्हणतो. वाद न घालता खण पूर्ण बाहेर ओढा आणि कापलेली कड बघा. दाबलेला भुसा दिसला तर तो पार्टिकल बोर्ड, थर दिसले तर प्लाय, आणि लाकडाच्या रेषा वरून कडेपर्यंत सलग उतरल्या असतील तर अख्खं लाकूड. पार्टिकल बोर्डाचे खालचे चार बोट नीट बघा. रोज लादी पुसून तिथे पाणी मुरतं आणि बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही, वरून सनमायका लावला तरी नाही. तो फुकट मिळाला तरी सोडून द्या.

लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड असेल, तर आत कीड जिवंत आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. गादीच्या सोफ्याची शिवण उलटून टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले की ढेकूण. इथे घासाघीस करायची नाही, सरळ निघायचं. थोड्या पैशांत सोफा घेऊच नये असं माझं मत आहे, कारण फोम आणि कापड बदलता बदलता नव्याच्या किमतीजवळ जाता.

स्पिरिट कशाला, तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने लावून बघायला. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं आहे, आणि ही आनंदाची गोष्ट. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळतो आणि सगळं खरवडावं लागत नाही. मलमलीच्या कापडात कापसाचा बोळा बांधून पातळ हात मारत जायचं. त्याआधी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवा. पुष्कळदा मळ गेला की पॉलिशचा विचारही बारगळतो.

वस्तूला जुना ऑइलपेंट असेल तर जास्त जपा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती, हे डोळ्यांना कळत नाही. असा रंग कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पाणी, मास्क, खाली जुनं प्लास्टिक, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. साध्या लाकडाला १२० नंबरचा पेपर, मग २२०, रेषेच्या दिशेने. प्लायवरचा व्हेनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, अगदी पातळ असतो, त्याला जाडा पेपर लावला की गेलाच.

डगमगणाऱ्या खुर्चीला मात्र वेळ द्या. खिळा ठोकायचा मोह आवरा. खिळ्याने लाकूड फाटतं आणि सांधा पुन्हा हलतोच. सांधा हळूच उघडून आतला जुना गोंद पूर्ण खरवडायचा, कारण वाळलेल्या गोंदावर नवा फेविकॉल धरत नाही. फेविकॉल आलं १९५९ मध्ये, त्याआधी सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद वापरत. खुर्ची तितकी जुनी असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने सरस मऊ होऊन सुटतो. नवा गोंद लावून सांधा दाबून धरायला शिकंजा विकत घ्यायची गरज नाही. पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे द्या, मधे काठी घालून पीळ घाला, काठी आडव्या दांडीला अडकवा. खुर्ची सपाट लादीवर ठेवून चारही पाय टेकताहेत ना बघा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला बसू देऊ नका. वेताची बैठक लोंबली असेल पण तुटलेली नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवून वाळू द्या. वेत वाळताना आवळतो.

हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. खाडीकाठच्या दमट हवेत चपड्याचं पॉलिश पांढरट पडतं, लाकूड फुगून खण अडकतात आणि आपण उगाच रंधा मारून बसतो. दिवाळीनंतर तोच खण खुळखुळतो. पावसात फार तर सांधे करून घ्या.

स्पिरिटचं काम गॅस आणि देवासमोरचा दिवा विझवून, खिडक्या उघडून. जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून ती पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. शेवटी पायांना रबरी बूट. माप अंदाजाने नको, पायाचं टोक कागदावर ठेवून पेन्सिलने आखा आणि तो कागदच हार्डवेअरवाल्याला दाखवा.